होल्याचा कूलर

गिरिधरराव पांढरीपांडे यांनी आयुष्यात कुणालाही तोंडावर ‘नाही’ म्हटलं नव्हतं. नागपूरच्या सदरमधल्या एका सरकारी कार्यालयात पस्तीस वर्षं घासून ते हेडक्लार्क झाले आणि त्या पस्तीस वर्षांत एकच विद्या पक्की शिकले. ‘नाही’ म्हटलं की भांडण होतं, ‘बघू’ म्हटलं की फाइल जुनी होते. (जुन्या फाइलीशी कुणी भांडत नाही. तिची धूळ झटकायलाच अर्धा दिवस जातो.)

घरात अशी एकच फाइल होती, तीस वर्षं जुनी. विषय : स्वयंपाकघरात कूलर लावण्याबाबत. अर्जदार : सौ. प्रेमलता पांढरीपांडे.

हॉलमध्ये कूलर होता, बेडरूममध्ये होता. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेची, खाली टिनाचं शेड. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर तिथं उभं राहायचं म्हणजे तव्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारखंच. प्रेमलताबाई मानेवर ओला टॉवेल टाकून पोळ्या लाटायच्या आणि दर उन्हाळ्यात एकदा विषय काढायच्या. गिरिधरराव हॉलमधल्या कूलरसमोरून उत्तर द्यायचे, “अगं, कूलरच्या हवेनं गॅस विझतो. तरी बघू.”

कूलरनं गॅस विझतो हे त्यांनी कुठे पाहिलं होतं? कुठेच नाही. पण इतकी वर्षं म्हणून म्हणून ते त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

या फेब्रुवारीत मात्र घात झाला. प्रेमलताबाईंच्या भावानं, केशवनं, घरी एसी घेतला आणि आपला चांगला दणकट कूलर टेम्पोत घालून बहिणीकडे पाठवून दिला. सोबत लोखंडी स्टँडही पाठवला. हरकत घ्यायला गिरिधररावांना जागाच ठेवली नाही. चौकातल्या कूलरवाल्या नत्थूजींनी तो स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर चढवला, तीन बाजूंच्या जुन्या गवताच्या ताट्या काढून फेकल्या आणि म्हणाले, “नव्या ताट्या होळी झाल्यावर लावून देतो, बाई. आत्तापासून लावून काय फायदा?”

प्रेमलताबाई महिनाभर त्या उघड्यावाघड्या कूलरकडे बघत पोळ्या करत होत्या. माहेरचं माणूस खिडकीत येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं, असं त्या मुलीला, मुग्धाला, फोनवर म्हणाल्याही होत्या.

मार्च संपता संपता नत्थूजी सायकलला ताट्यांची चवड बांधून आले, स्टुलावर चढले आणि थांबले.

“अरे बाप्पा! बाई, इथं तं होल्यानं अंडे घातले.”

पाण्याचा पाइप जिथं वळतो त्या कोपऱ्यात सातआठ काड्या पडल्या होत्या. त्याला घरटं म्हणायचं ते केवळ आत दोन पांढरी अंडी होती म्हणून. बाजूच्या पत्र्यावर कबुतराहून लहान, तपकिरी असा एक होला मान पुढे-मागे करत बसला होता.

“उचलून त्या झाडाच्या गमल्यात ठेवून देऊ का?” नत्थूजींनी विचारलं.

“खबरदार!” गिरिधरराव हॉलमधून धावत आले. या माणसानं आजवर कावळा सोडून दुसरा पक्षी ओळखला नव्हता, आणि कावळाही फक्त पित्रांच्या दिवसांत. पण कूलरचं काम लांबणीवर पडतंय हे त्यांना पस्तीस वर्षांच्या सवयीनं लांबूनच कळलं. “जीव आहे तो, नत्थूजी. आठवडाभर थांबू. बघू.”

खरं तर प्रेमलताबाईंनाही अंडी हलवायची नव्हती. त्या स्वतःच म्हणाल्या, “राहू द्या बिचारीला. आठ दिवसांनी काय होतं?” त्यांच्या हातून झालेली चूक एवढीच, की ‘बघू’ हा शब्द त्यांनी ऐकला आणि सोडून दिला.

त्या संध्याकाळी गिरिधररावांनी काचेतून होल्याचा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्याकडे आलेले नवे पाहुणे’. रात्रीच्या जेवणापर्यंत सत्तेचाळीस अंगठे आले. कॉलनीचे अध्यक्ष ताराचंदजी, ज्यांनी रिटायरमेंटनंतर गिरिधररावांना रस्त्यात ओळख देणंही कमी केलं होतं, त्यांनी जोडलेले हात पाठवले.

डिसेंबरात रिटायर झाल्यापासून गिरिधररावांना कुणी काही विचारलं नव्हतं. फोन यायचे ते लोनवाल्यांचे. सकाळी उठून दाढी करायची आणि मग दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्यांनी बायकोलाही कधी सांगितला नव्हता, कारण तिला वेळ नव्हता. सत्तेचाळीस अंगठे बघून त्यांचे डोळे भरून आले. (हे त्यांनी कबूल केलं नाही, चष्मा पुसला.)

मग रोज फोटो. रोज दुपारी बाराच्या आधी, उकाड्यात अंड्यांवर ठाण मांडून बसलेला होला आणि खाली चार ओळी. ‘अंगाची लाही होते, पण जागची हलत नाही, ती आई!’ ‘स्वतः तापते, पिलांना सावली देते, ती आई!’ कॉलनीतल्या बायका रडके चेहरे पाठवायच्या. फोटो टाकून झाला की गिरिधरराव डोक्याला दुपट्टा बांधायचे, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचे आणि स्कूटरवरून सदरच्या वाचनालयात जायचे. तिथं यंदाच एसी बसला होता. परत यायचे पाचला, उन्हं उतरल्यावर, चहाच्या वेळेला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फ्रिजवर एक कागद चिकटला. ऑफिसातल्या अक्षरात, समास सोडून :

१. कुकरची शिट्टी बंद. (पातेल्यात शिजवावे.)
२. मिक्सर बंद. एक्झॉस्ट बंद. खिडकीची काच बंद.
३. भिवापुरी मिरचीची फोडणी बंद. पक्ष्यास ठसका लागतो.

“अहो, काय करून राहिले हे तुम्ही?” प्रेमलताबाई कागदाकडे बघतच राहिल्या. “कुकर नाही तर वरण कधी शिजणार? आणि काच बंद केली तर हवा कुठून येईल?”

“चार दिवसांचा प्रश्न आहे, प्रेमा.”

“आणि ठसका? मला छत्तीस वर्षं ठसका लागून राहिला, तेव्हा नाही लावला कागद.”

“तुला सवय आहे,” गिरिधरराव म्हणाले. आणि ते हे अगदी प्रेमानं म्हणाले, हे या प्रकरणातलं सर्वांत वाईट.

चौदाव्या दिवशी पिलं निघाली. पिवळट केसांची, डोळे मिटलेली, दिसायला इतकी कुरूप की आईबापांशिवाय कुणी दुसऱ्यांदा बघू नये. पण बघायला सगळी कॉलनी लोटली. घरटं दिसायचं ते फक्त ओट्याशी उभं राहिलं तर, म्हणून माणसं थेट स्वयंपाकघरात. गिरिधरराव त्यांना एकेक करून आत न्यायचे, काचेवर बोट न टेकवता घरटं दाखवायचे आणि बाहेर पडताना आवाज द्यायचे, “प्रेमा, यांना चहा टाक गं.” एका रविवारी सतरा कप चहा झाला. प्रेमलताबाईंच्या हातांवर घामोळं उठलं. कप ठेवताना आवाज यायला लागला.

एप्रिलच्या शेवटी पिलं उडाली. सकाळी एक, दुपारी दुसरं. प्रेमलताबाईंनी तासाभरात नत्थूजींना फोन केला. नत्थूजींच्या नात्यात लग्न होतं. “चार दिवसांनी येतो, बाई. पक्कं.”

नत्थूजी आले, स्टुलावर चढले आणि पुन्हा थांबले.

“बाई...”

“काय झालं?”

“आणखी दोन देल्ले जी.”

त्याच सातआठ काड्या. तीच जोडी. गिरिधररावांनी त्याच मिनिटाला ग्रुपवर टाकलं, ‘माउलीचं दुसरं बाळंतपण आमच्याच घरी!’ या वेळी अंगठे ब्याऐंशी आले. प्रेमलताबाईंनी स्टुल उचलून जागेवर ठेवलं, नत्थूजींना पाणी दिलं आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. स्वयंपाकघरात किती होतं ते मोजायची त्या घरात पद्धत नव्हती.

ताराचंदजींच्या डोक्यात आलं, की अशा माणसाचा सत्कार व्हायला पाहिजे. मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला कॉलनीच्या हॉलमध्ये ‘पक्षिमित्र’ म्हणून गिरिधररावांना शाल-श्रीफळ. (मे महिन्यात नागपुरात शाल. पण सत्काराला काय घालतात ते ठरलेलं असतं.) पाहुण्या म्हणून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या रितिका मॅडम. स्टेजच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे कूलर, तोंडं स्टेजकडे. प्रेमलताबाई मागच्या रांगेत, जिथं हवा पोचत नव्हती.

गिरिधरराव माइकवर म्हणाले, “आम्ही उभयतांनी यंदा स्वयंपाकघरातल्या कूलरचा त्याग केला.” टाळ्या वाजल्या. प्रेमलताबाईंनी पदरानं मान पुसली. गिरिधररावांना स्टेजवरून ते दिसलं आणि त्यांना वाटलं, हिला भरून आलं.

कार्यक्रम आटोपून बाराच्या सुमाराला रितिका मॅडम आणि ताराचंदजी घरी आले. मॅडम ओट्याशी उभ्या राहिल्या, काचेतून दोन मिनिटं बघितलं आणि हसल्या.

“छान बसलाय हो. हा नर आहे ना, काका?”

“नाही नाही. आई आहे ती.”

“आत्ता बारा वाजलेत ना? मग नरच असणार. होल्यांमध्ये वाटणी असते. सकाळी नऊ-दहाला नर येऊन बसतो, तो थेट उन्हं उतरेपर्यंत. संध्याकाळी मादी येते, मग रात्रभर ती. दिसायला दोघं सारखेच, म्हणून लोकांना वाटतं, एकच बसून आहे.”

ताराचंदजी आधी भानावर आले. “म्हंजे पांढरीपांडेजी, तुम्ही महिनाभर ‘ती आई, ती आई’ करून बापाचेच फोटो टाकून राहिले होते?” आणि ते पोट धरून हसायला लागले.

प्रेमलताबाई हसल्या नाहीत. त्या चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

“म्हणजे दुपारची तापायची ड्युटी बापाची?”

“हो, काकू.”

“आणि ती तेव्हा कुठे असते?”

“बाहेर. दाणा-पाणी, थोडा आराम. झाडाच्या सावलीत बसते.”

“आराम,” प्रेमलताबाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी तोंडात जरा वेळ तसाच ठेवला. मग नवऱ्याकडे बघितलं. खांद्यावर सत्काराची शाल, हातात दुपट्टा आणि सदऱ्याच्या खिशात फुगलेला कांदा. वाचनालयाची वेळ झाली होती.

पाहुणे चहा न घेताच गेले. वीस मिनिटांनी प्रेमलताबाई बॅग घेऊन बाहेर आल्या.

“कुठे चालली?”

“बेसाला. मुग्धाकडे.”

“आत्ता? या उन्हात? आणि जेवण?”

“दिवसाची ड्युटी नराची असते म्हणे.”

“अगं, पण येशील कधी?”

“मादी संध्याकाळी येते,” चपला घालत त्या म्हणाल्या. “कोणत्या संध्याकाळी, ते बघू.”

तो ‘बघू’ ऐकून गिरिधरराव दारातच थबकले. तो शब्द त्यांचा होता आणि त्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

पहिल्या दिवशी त्यांनी खिचडी टाकली. कुकर काढला आणि फ्रिजवरचा नियम क्रमांक एक बघून परत ठेवला. पातेल्यात खिचडी शिजायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास ते तिथंच उभे होते, कारण हललं की खाली लागत होती. चष्मा नाकावरून घसरून दोनदा खिचडीत पडता पडता वाचला. काच बंद, एक्झॉस्ट बंद. आपल्याला तापच आला असं वाटून त्यांनी औषधांच्या डब्यातला थर्मामीटर काढून क्षणभर ओट्यावर ठेवला, तर ओट्यालाच एकशे आठ ताप निघाला. काचेपलीकडे होला चोच उघडी टाकून धापा टाकत होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गिरिधररावांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, आणि ती अशी एका पक्ष्यासमोर वाटावी याचं वाईटही वाटलं.

त्यांनी बेसाला फोन लावला. मुग्धानं उचलला.

“बाबा, आई झोपली आहे.”

“झोपली? दुपारी?”

“हो. एसी लावून दिला. रोज दोन तास झोपते म्हणाली.”

छत्तीस वर्षांत त्यांनी बायकोला दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं. तिला दुपारची झोप आवडत नाही, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत कुठून आली, तर गॅस विझतो ही जिथून आली, तिथूनच.

वाचनालय सुटलं. दूध तापवा, भांडी आवरा, भाजी चिरा, आणि बरोबर बाराला बेल. सत्काराची बातमी फिरल्यामुळे आता शेजारच्या कॉलन्यांतूनही माणसं येत होती. आत येऊन ती म्हणायची, “बाप रे, काय गरम आहे हो इथे!” आणि मग हॉलमध्ये कूलरसमोर बसून चहाची वाट बघायची. चहा आणला की एकजण तरी विचारायचा, “वहिनी नाहीत का?” गिरिधरराव सांगायचे, मुलीकडे गेली आहे, येईल संध्याकाळी. असं त्यांनी सतरा दिवस सांगितलं. तेवढ्या दिवसांत पिलं निघाली, त्यांना पंख फुटले आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागला. गिरिधररावांच्या पाठीवर घामोळं उठलं आणि ग्रुपवरचे फोटो बंद पडले.

अठ्ठावीस तारखेला सकाळी दुसऱ्या खेपेची पिलं उडाली. गिरिधररावांनी फोटो काढला नाही. स्कूटर काढली, चौकात गेले आणि नत्थूजींना ताट्यांसकट मागच्या सीटवर बसवून घेऊन आले.

नत्थूजींनी काड्या उचलून पॅरापेटवर ठेवल्या, ताट्या ठोकल्या, पाइप जोडला. “काहून जी साहेब, एवढी घाई?” हात पुसत ते म्हणाले. “तीस वर्षांपासून पाहून राहिलो मी. बाईले मी दरसाल म्हणतो, एक छोटासा तरी लावून घ्या. त्या म्हणतेत, साहेबाले विचारा.”

“गॅस विझतो म्हणून,” गिरिधरराव पुटपुटले.

“पेटवून पाहा ना मंग.”

कूलर सुरू झाला. ओल्या गवताचा वास घेऊन थंडगार झोत स्वयंपाकघरात शिरला. गिरिधररावांनी गॅस पेटवला आणि मनातल्या मनात देवाचा धावा केला, की विझू दे. एकदाच विझू दे. एका फुंकरीत तीस वर्षं खरी ठरली असती. ज्योत जरा भिंतीकडे वाकली. नत्थूजींनी कूलरच्या पट्ट्या बोटानं वर केल्या. ज्योत सरळ झाली आणि निवांत जळत राहिली. गिरिधररावांनी कूलर फुल स्पीडवर केला. तरी ती जळतच राहिली.

“कूलरनं कुठं गॅस विझते जी?” म्हणत नत्थूजी जिना उतरले.

गिरिधररावांनी फोन लावला. या वेळी प्रेमलताबाईंनीच उचलला.

“प्रेमा, कूलर चालू झाला.”

पलीकडून प्रश्न आला. “गॅस विझला?”

पस्तीस वर्षांत गिरिधररावांनी कुठल्याही फाइलीवर स्पष्ट शेरा मारला नव्हता. ‘चर्चा करावी’, ‘पुन्हा सादर करावे’ असे मारले होते. आत्ताही ‘विझल्यासारखा होतो’ असं काहीतरी जिभेवर आलं होतं.

“नाही,” ते म्हणाले.

“तीस वर्षं,” प्रेमलताबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर गिरिधररावांना बरं वाटलं असतं. “येते संध्याकाळी. जेवायला. मुग्धा आणि जावई पण आहेत. भरीत करा. वरणाला लसणाची फोडणी द्या, त्यांना आवडते.”

संध्याकाळी मुग्धा आणि जावई हॉलमध्ये बसले. प्रेमलताबाई थेट स्वयंपाकघरात आल्या. चेहरा उजळला होता, हातावरचं घामोळं गेलं होतं. हातात फक्त पर्स होती. गिरिधररावांनी त्यांच्या मागे दोनदा बघितलं, बॅग नव्हती.

प्रेमलताबाईंनी गॅसच्या ज्योतीकडे बघितलं. मग डायनिंगची खुर्ची ओढत आणली, कूलर आणि ओटा यांच्या मधोमध ठेवली आणि कूलरकडे तोंड करून बसल्या. सगळी हवा त्यांच्या अंगावर. ओट्यापाशी ती पोचेना. गिरिधररावांच्या मानेवरून घाम ओघळायला लागला, पण जरा सरक म्हणायचा धीर त्यांना झाला नाही.

त्यांनी कढल्यात तेल तापवलं, लसूण टाकला, बरणीतली भिवापुरी मिरची चमचाभर काढली. प्रेमलताबाईंचे डोळे मिटलेले होते. डोळे न उघडताच त्यांनी हात लांब करून फ्रिजवरच्या कागदावर बोट ठेवलं.

“नियम तीन,” त्या म्हणाल्या. “फोडणी जपून. मला ठसका लागतो.”